नाव मोठं, फी बेताची

लेकरासाठी कॉन्व्हेंट शाळा निवडायची तर सगळ्यात आधी पाटी वाचा. पाटीवर ‘सेंट’ असला की निम्मी चौकशी संपली; पुढं कुणाचं नाव आहे ते बघायची गरज नाही. संतांच्या नावावर कुणाची मालकी नसते. एखाद्या पतसंस्थेच्या चेअरमननं वडिलोपार्जित प्लॉटवर पत्रे टाकून ‘सेंट’ लावला तरी त्याला कुणी अडवत नाही, आणि गेटजवळ पांढरा पुतळा बसवायला फार खर्चही येत नाही. तालुक्याच्या गावात कॉन्व्हेंट, फादर आणि इंग्रजी या तिघांची गाठ एकदा बसलेली आहे. ती सोडवत बसू नका.

ज्यांना सोडवत बसायची खोडच आहे ते ऑफिसात जाऊन शाळा सोडल्याच्या दाखल्याचा नमुना बघायला मागतात. त्यावर संस्थेचं नाव छापलेलं असतं. खरी कॅथलिक शाळा एक तर धर्मप्रांताची, म्हणजे बिशपच्या हाताखालची असते, नाही तर फादर-सिस्टर लोकांच्या एखाद्या संघाची. (आपल्या मराठवाड्यातला धर्मप्रांत १९७७ साली अमरावतीतून वेगळा निघाला. शहराचं नाव बदललं, धर्मप्रांत अजून औरंगाबादचाच म्हणवतो.) दोन्हीकडं मुख्याध्यापक वरून नेमलेला येतो आणि काही वर्षांनी बदली होऊन जातो. शाळा तीच राहते, ती चालवणारा माणूस राहत नाही. हे लक्षात आलं की पुढची सगळी चौकशी अवघड होऊन बसते, म्हणून लक्षात घेऊ नका.

त्यापेक्षा घरातल्या एखाद्या मामाला विचारा. मामा १९९१ च्या बॅचचा असावा. तो सांगेल की गेटवर फादर स्वतः उभे असत, उशीर झाला की ग्राउंडला तीन चकरा, आणि मराठीत बोललं की दहा पैसे दंड. ते फादर बदलून गेले, ज्या बाईंनी मामाला व्याकरण शिकवलं त्या निवृत्त झाल्या, पण शाळेचं नाव अजून त्यांच्याच पुण्याईवर चाललंय. शाळेची कीर्ती खऱ्या शाळेच्या साधारण वीस वर्षं मागून चालते. चांगली बिघडली तरी लोक वीस वर्षं तिला चांगलीच म्हणतात, आणि बिघडलेली सुधारली तरी तेवढीच वर्षं तिच्या नावानं बोटं मोडतात. दुसऱ्या प्रकारच्या शाळेत प्रवेश सहज मिळतो. रांगच नसते. तेव्हा तिकडं फिरकू नका. रांग नाही तिथं दर्जा कसला?

शेजारच्या नववीतल्या पोराच्या डायरीत वेळापत्रक चिकटवलेलं असतं, तेही उघडू नका. गणिताच्या चौकोनात एक नाव लिहून खोडलेलं, वर व्हाइटनर, त्यावर दुसरं नाव, आणि दिवाळीनंतर पेन्सिलीनं तिसरं, असलं काही दिसलं तर उगाच मन खट्टू होतं.

आता निकाल. चौकातला फ्लेक्स हा निकालाचा एकमेव अधिकृत पुरावा समजा. ‘१०० टक्के निकाल’ ही ओळ, खाली बारा गोल फोटो, कोपऱ्यात नगरसेवक. फोटोंतली तीन पोरं पलीकडच्या क्लासेसच्या फ्लेक्सवर पण दिसतील. शिकवलं नेमकं कुणी, हा प्रश्न दोन्ही फ्लेक्सवाल्यांना अडचणीत टाकतो, म्हणून सभ्य माणसं तो विचारत नाहीत.

शंभर टक्के कसे लागतात हे मात्र समजून घ्या, म्हणजे कौतुक वाढेल. समजा नववीत ६४ लेकरं होती. वार्षिक परीक्षा झाली की वर्गशिक्षिका काही पालकांना बोलावून घेतात. ‘तुमच्या लेकराला इथलं प्रेशर झेपत नाही,’ असं मायेनं सांगितलं जातं. कुणी नववीतच राहतं, कुणाला दाखला मिळतो, कुणी १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसतं. बोर्ड खाजगी विद्यार्थ्यांचा निकाल वेगळा धरतं, तो शाळेच्या नियमित निकालात येत नाही. राहिली ५१. ती ५१ पास झाली की शंभर टक्के! ६४ वर ५१ चा हिशेब केला तर ऐंशीच्याही किंचित खाली येतो, पण तो फ्लेक्सवर छापता येत नाही, मग करायचा कशाला?

पास होण्याचं गणितही तितकंच सोपं. शंभरातले वीस गुण तोंडी, प्रात्यक्षिक, अंतर्गत म्हणून शाळेच्याच हातात असतात. लेखी आणि अंतर्गत मिळून पस्तीस लागतात. शाळेनं वीसपैकी वीस टाकले की ऐंशीच्या पेपरात पंधरा पुरतात. टक्केवारी काढताना सहापैकी चांगले पाच विषय धरायचे, चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेचे आणि खेळाचे वाढीव गुण त्यात घालायचे. एवढी सोय असताना ‘लेखीत सरासरी किती पडले?’ असं विचारणारा पालक शाळेला अजिबात आवडत नाही.

या बाबतीत आपल्या मराठवाड्याचा हात कुणी धरणार नाही. २०२५ च्या दहावीत राज्यात २११ जणांना पूर्ण शंभर टक्के मिळाले, त्यातले ११३ एकट्या लातूर विभागाचे, म्हणजे लातूर, नांदेड आणि धाराशिवचे. त्याच वर्षी त्याच विभागाचा एकूण निकाल ९२.७७ टक्के लागला, राज्याच्या ९४.१० च्या खाली; नागपूर सोडलं तर सगळ्यात तळाला. वरची पोरं आभाळाला टेकली आणि खालची कुठं सांडली ते कुणी बघितलं नाही. तुम्ही फक्त ११३ पाठ करा. पाहुण्यांत बोलायला तेवढं बास.

यू-डायस नावाची, शाळांच्या माहितीची एक सरकारी कटकट आहे. प्रत्येक शाळेला अकरा आकडी नंबर असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढचे दोन जिल्ह्याचे, छत्रपती संभाजीनगरचे १९, लातूरचे २८. हा नंबर किंवा नुसतं शाळेचं नाव टाकलं तरी सरकारच्या साइटवर ‘नो युवर स्कूल’मध्ये त्या शाळेची कुंडली उघडते: इयत्तेनुसार पटसंख्या, शिक्षक किती, व्यवस्थापन कोणतं, स्वच्छतागृहं किती. गंडलेला माणूस तिथं गेल्या वर्षीची नववी आणि यंदाची दहावी शेजारी मांडतो, आणि दरवर्षी दहा-बारा लेकरं कुठं गळतात ते दोन मिनिटांत त्याच्या ध्यानात येतं. असल्या माणसाला मग कुठलीच शाळा पसंत पडत नाही. मोबाइलमध्ये डेटा असला तर तो रील बघण्यात घालवावा.

वह्या तपासायचा मोह होईल. तो आवरा. सातवीतल्या एकाच वर्गातल्या तीन लेकरांच्या इंग्रजीच्या वह्या शेजारी ठेवल्या की तिन्हींत ‘माय फेव्हरिट फेस्टिव्हल’ निघतो. तिघांचाही आवडता सण दिवाळीच, तिघांच्याही आया तेच चार पदार्थ करतात, आणि तिसऱ्या ओळीत तिघांनीही एकाच शब्दाचं स्पेलिंग एकाच पद्धतीनं चुकवलंय, कारण फळ्यावरच तसं होतं. खाली लाल पेनानं सही, तारीख आणि बरोबरची खूण. अक्षर मोत्यासारखं. याच लेकराला ‘काल शाळेतून घरी येताना काय झालं ते पाच वाक्यांत लिही’ म्हटलं की पेन थांबतं. म्हणून म्हणू नका. गॅदरिंगला त्यानं पाठ केलेलं भाषण ऐका. आजी शेजारणीला सांगतेच, ‘लेकरू इंग्रजी बोलायलंय बघा फाडफाड.’ आजीचं सर्टिफिकेट बोर्डाच्या वरचं असतं.

फी स्वस्त का, हा प्रश्न विचारू नये. स्वस्त आहे ना, मग झालं. विचारलं तर कळतं की जुनी जागा आणि जुनी इमारत, त्यामुळं भाडं-हप्ते नाहीत. फादर-सिस्टर स्वतः शिकवतात, त्यांना घर चालवायचं नसतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काही शाळांत काही तुकड्या अनुदानित असतात, तिथल्या शिक्षकांचा पगार सरकार देतं. एकाच इमारतीत ‘अ’ तुकडी अनुदानित आणि ‘क’ तुकडी विनाअनुदानित असू शकते. फी वेगळी, शिक्षक वेगळे, गणवेश तेवढा एक. शाळेचं नाव ‘अ’ तुकडीनं कमावलेलं आणि तुमच्या लेकराला प्रवेश मिळतोय ‘क’ मध्ये, असं झालं तर वाईट वाटून घ्यायचं नाही. बाहेरून ओळखू येत नाही.

महिन्याची फी तेवढी विचारा आणि खुश व्हा. समजा नऊशे सांगितली. शाळा दहा महिने, फी बारा महिने, म्हणजे १०,८००. टर्म फी दोनदा पाचशे, १,०००. कॉम्प्युटर आणि स्मार्ट क्लास १,८०० (स्मार्ट बोर्डावर कव्हर असतं, धूळ बसू नये म्हणून). पुस्तकं-वह्या ४,२००, बालभारतीची पुस्तकं स्वस्त पडतात, पण खालच्या वर्गांना खाजगी प्रकाशनाचा संच लागतो आणि तो एकाच दुकानात मिळतो. गणवेश, खेळाचा गणवेश, टाय, बूट, ३,६००. व्हॅन महिना हजार, दहा महिने. बेरीज ३१,४००. बारानं भागलं की नऊशेचे सव्वीसशे होतात. तेव्हा भागू नका. आणि ‘बिल्डिंग फंड’ मागितला तर पावतीचा विषय काढू नका. प्रवेशासाठी असे पैसे घ्यायला राज्यात १९८७ च्या कॅपिटेशन फी कायद्यानं बंदी आहे, हे देणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि घेणाऱ्यालाही. दोघांनाही अवघडल्यासारखं होतं.

शेजाऱ्याच्या लेकराला दुसऱ्या शाळेत शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांतून फुकट प्रवेश मिळाला, मग इथं का नाही, म्हणून ऑफिसात भांडायला जरूर जा. असल्या अल्पसंख्याक संस्थांना तो कायदा लागू होत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्येच दिलाय. क्लार्क तो दर वर्षी समजावून सांगतो, दर वर्षी नव्या पालकांना.

धर्माच्या काळजीवर फार लिहीत नाही. वर्गात बहुतेक लेकरं हिंदू, मुसलमान, बौद्ध घरातली असतात आणि ‘मॉरल सायन्स’च्या पुस्तकात खोटं बोलू नये एवढंच लिहिलेलं असतं. राज्यघटनेच्या २८ व्या कलमाप्रमाणं मान्यताप्राप्त शाळेत धार्मिक शिक्षणाला बसवायचं तर पालकांची संमती लागते. पण ग्रुपवर फॉरवर्ड आला असेल तर घटनेला कोण विचारतं?

पाण्याचं तसंच. मधली सुट्टी संपल्यावर पाच मिनिटांनी मुलींच्या स्वच्छतागृहाचा नळ सोडून बघितला की फ्लेक्सवर नसलेल्या बऱ्याच गोष्टी कळतात, विशेषतः एप्रिलात, जेव्हा गावाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं. टाकी किती लिटरची, टँकर कोण भरतो, घरी येईपर्यंत लेकरू दिवसभर पाणी का पीत नाही, हे प्रश्न आयांना सुचतात. प्रवेशाला बापानं जावं.

एवढं करून प्रवेश मिळाला की जुलैत एक चिठ्ठी येते. शाळा सुरू झाल्यापासून तीस दिवसांत पालक-शिक्षक संघ करावा लागतो, २०११ च्या शुल्क कायद्यात तसं आहे. प्रत्येक पालक आपोआप सभासद होतो. कार्यकारी समितीवर इच्छुक पालकांतून प्रत्येक इयत्तेचा एक जण सोडतीनं निवडायचा. विनाअनुदानित शाळेला फी वाढवायची तर वर्ष सुरू व्हायच्या सहा महिने आधी या समितीपुढं प्रस्ताव ठेवावा लागतो, एकदा ठरलेली फी दोन वर्षं बदलता येत नाही, आणि ती नोटीस बोर्डावर लावावी लागते. पालकांना वर विभागीय समितीकडं तक्रार न्यायची तर किमान २५ टक्के पालक एकत्र यावे लागतात. म्हणजे साठच्या वर्गात पंधरा. व्हॉट्सॲप ग्रुपवर अंगठा दाखवणारे पंधरा सहज निघतात, सहीला मात्र तिघं उरतात, त्यातला एक दुसऱ्या दिवशी गावाला जातो.

तेव्हा सभेला जाऊच नका. गेलात तर चहा-बिस्किट घेऊन मागच्या बाकावर बसा, हजेरीच्या रजिस्टरवर सही करा आणि निघा. तीच सही पुढं ठरावाला सर्वांची संमती म्हणून कामी येते. सोडतीच्या डब्यात आपल्या नावाची चिठ्ठी तर मुळीच टाकू नका. चुकून निघाली तर फीच्या प्रस्तावासोबतची हिशेबाची कागदं तुमच्या हातात पडतील, त्यात शिक्षकांच्या पगाराचा आकडा असेल, त्याला शिक्षकांच्या संख्येनं भागावंसं वाटेल, आणि नववीचे गणिताचे सर दर दिवाळीला का बदलतात ते कळून बसेल.