चटणीचा भाव यंदाही कमी होणार नाही

मिरचीचा हंगाम सुरू झाला आणि फोन यायला लागले. 'काकू, घरचंच तर आहे की, आम्हाला जरा कमी लावा.' 'वैनी, लई महाग झाली तुमची चटणी.' प्रत्येकाला वेगवेगळं समजावण्यापेक्षा एकदाच इथं लिहिते. कांदा-लसूण चटणीचा भाव मी कमी करणार नाही. का नाही, ते जरा लांबून सांगावं लागेल, तेवढं वाचा.

आधी चटणीचंच बघू. रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी, तिखटाला लवंगी. प्रमाण प्रत्येक घरात वेगळं असतं आणि प्रत्येकीला आपलंच बरोबर वाटतं. मिरची आणली की देठ खुडायचे, कडक ऊन द्यायचं. वजन तिथंच उतरतं, म्हणजे विकत आणलेली किलोभर मिरची किलोभर कधीच राहत नाही. मग धणे, तीळ, खसखस, सुकं खोबरं, हळकुंड, दगडफूल, जावित्री, नाकेश्वर, सगळं वेगवेगळं भाजायचं. तीळ तडतडले की लगेच उतरवायचे, धण्यांना मात्र वास सुटेपर्यंत वेळ द्यायचा, खोबऱ्यावरून नजर हलवायची नाही. कांदा उभा चिरून वाळवायचा, मग तळायचा. नंतर डंकावर, म्हणजे कुटायच्या गिरणीत, कांडप, लसूण शेवटी. कांडून आलेली चटणी गरम असते. ती पूर्ण निवेपर्यंत डबा बंद करायचा नाही, नाहीतर आत वाफ धरते आणि चार महिन्यांत वास बदलतो. कोल्हापुरात वर्षाची चटणी केलेल्या कुठल्याही बाईला हे सगळं ठाऊक आहे. म्हणूनच त्यांना वाटतं, यात काय एवढं?

माझ्याकडं एक वही आहे. तिच्यात मिरची, मसाले, तेल, मीठ, कांडप, पाकिटं, लेबलं, रिक्षाभाडं, वीज, माझ्याबरोबर काम करणाऱ्या दोन मावशींचा रोज, असं सगळं लिहिलेलं असतं. आणि मावशींच्या रोजाखाली आणखी एक ओळ असते, माझा रोज. भाव कमी करा म्हणणारा माणूस ती ओळ खोडायला सांगत असतो. मिरचीवाला कमी करत नाही, खोबरं कमी होत नाही, मावशींचा रोज मी कमी करणार नाही. मग उरतं काय? माझे हात, आणि तीस वर्षं घरात चटणी करून हाताला आलेला अंदाज. तो फुकट द्या असं थेट कुणी म्हणत नाही. 'घरचंच तर आहे' म्हणतात.

लक्ष्मीपुरीच्या बाजारात ज्यांच्याकडून मी धणे आणि तीळ घेते, त्यांना कुणी म्हणत नाही की तुम्ही दुकानात बसलात त्याचे पैसे लावू नका. आमच्या गल्लीत एकांनी निवृत्तीनंतर झेरॉक्सचं दुकान टाकलं. सगळे म्हणाले, 'छान, धंद्यात पडले.' त्याच सुमारास मी अन्न परवान्याची नोंदणी केली, लेबलं छापून घेतली, तर तीच माणसं मला म्हणाली, 'बरं केलंत, तेवढाच वेळ जातो.' ती वाईट माणसं नाहीत, माझ्या मुलांच्या लग्नात राबलेली आहेत. पण पन्नाशी उलटलेल्या बाईकडं वेळ नुसता पडून असतो आणि तो कशात तरी घालवायचा असतो, हा समज इतका पक्का आहे की त्यांना त्यात काही चुकीचं दिसतच नाही.

वेळ पडून असतो म्हणे! केंद्र सरकारने २०२४ साली देशभर वेळेच्या वापराचं सर्वेक्षण केलं. स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायका त्या कामाला दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात आणि तसं काम करणारे पुरुष ८८ मिनिटं, असं त्यात आलं. बायकांचे पावणेपाच तासांहून जास्त झाले ते. मुलं शिकून बाहेर पडली की हे काम कमी होतं असं वाटत असेल, तर साठीच्या आतबाहेरच्या कुठल्याही बाईचा एक दिवस बघा. सासूबाईंचं पथ्य, घरातल्यांची औषधं, सणवार, कुणाचं बाळंतपण, कुणाचं ऑपरेशन. आणि आता पुणं.

पुण्याबद्दल लिहायला मला जरा जड जातंय, पण लिहायलाच हवं. आमच्या पिढीच्या निम्म्या बायका सध्या हिंजवडी, वाकड, खराडीत नातवंडं सांभाळताहेत. माझी मुलगी तिथंच नोकरी करते. तिच्या बाळंतपणाला मी होते, पुढचे काही महिनेही होते, आणि नातवाच्या पहिल्या हसण्याचा आनंद मला दुसऱ्या कशात मिळालेला नाही. पण जानेवारीत नवी मिरची बाजारात येते. तेव्हापासून मे संपेपर्यंत आमच्या धंद्याचं वर्ष ठरतं. त्या महिन्यांत मी पुण्याला जाऊ शकत नाही. हे मी मुलीला स्पष्ट सांगितलं आणि हेही सांगितलं की त्या महिन्यांची पाळणाघराची फी मी देईन, माझ्या चटणीच्या पैशातून. मुलीने ऐकून घेतलं. तिच्या ऑफिसातही मार्चअखेर असते, तिला ते लगेच कळलं. नातेवाइकांना मात्र नाही कळलं. 'नातवापेक्षा चटणी मोठी झाली होय?' असं एका लग्नात चार माणसांत विचारलं मला. हाच प्रश्न नातवाच्या आजोबांना कुणी विचारलेला नाही आणि विचारणारही नाही.

आपल्या गावातली गोष्ट सांगते. कावळा नाक्यावर ताराराणींचा घोड्यावरचा पुतळा आहे. १७०० साली राजाराम महाराज गेले तेव्हा त्या पंचवीस वर्षांच्या होत्या आणि त्यांनी औरंगजेबाशी लढा चालू ठेवला. हे आपण शाळेत शिकतो, पोरांना अभिमानाने सांगतो. पण त्याच ताराराणींनी १७५० साली, पंचाहत्तरीच्या घरात, साताऱ्याच्या किल्ल्यावर छत्रपती रामराजांना कैदेत ठेवून पेशव्यांना आव्हान दिलं होतं. त्या राजकारणातलं बरोबर-चूक इतिहासाचे अभ्यासक ठरवतील. मला एवढंच दिसतं की पंचाहत्तराव्या वर्षीही आपला शब्द चालला पाहिजे असं त्या बाईला वाटत होतं. तरुण ताराराणींचे पोवाडे आपण गातो. म्हाताऱ्या ताराराणींबद्दल मी घरात, गल्लीत, शाळेत कधी काही ऐकलं नाही, मोठेपणी वाचलं तेव्हा कळलं.

उशिरा धंदा सुरू केलेली बाई म्हटलं की हल्ली सगळे फाल्गुनी नायर यांचं नाव घेतात. २०१२ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनी सौंदर्यप्रसाधनं विकणारी 'नायका' सुरू केली आणि २०२१ मध्ये ती शेअर बाजारात आली. मला त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण त्यांच्यामागं मोठ्या वित्तसंस्थेतली अनेक वर्षांची नोकरी होती. हिशेबाची भाषा, ओळखी, पगार, सगळं त्यांच्या नावावर होतं. आमच्यासारख्या बायकांनीही तेवढीच वर्षं काम केलेलं असतं, फक्त त्याचा एकही कागद नसतो. पगाराची पावती नाही, आयकराचं विवरणपत्र नाही, आधी कर्ज घेतलेलं नसतं म्हणून सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, नाव नाही. बँकेत गेलं की हा कोरा इतिहास टेबलावर येतो.

मी गेले होते. मला स्वतःचं कांडप यंत्र घ्यायचं होतं आणि हंगामात मिरची एकदम भरायला भांडवल हवं होतं. वर्षभराची मिरची नवा माल येतो तेव्हाच घ्यावी लागते. हातात पैसे नसले की तीच मिरची पावसाळ्यात चढ्या भावाने घ्यावी लागते, आणि बाईचा सगळा नफा तिथंच जातो. एका बँकेतल्या साहेबांनी माझी वही न उघडताच सांगितलं, 'मुलाला सोबत घेऊन या.' मुद्रा कर्ज योजनेत तारण लागत नाही हे मी वाचून गेले होते, तसं म्हणाले. त्यावर ते हसले आणि विचारलं, 'घर कुणाच्या नावावर आहे?' पुढं दुसऱ्या एका शाखेत एक अधिकारी बाई भेटल्या. त्यांनी वही पहिल्या पानापासून बघितली, मिरचीच्या भावाबद्दल चार प्रश्न विचारले आणि प्रकरण पुढं पाठवलं. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेत ३५ टक्के अनुदान होतं, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत. त्यातून यंत्र आलं.

पण घर कुणाच्या नावावर, हा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला, २००५ साली तो देशभर लागू झाला. आणि आपल्याकडं काय होतं? वडील गेले की तेराव्याच्या आसपास हक्कसोडपत्राचा विषय निघतो. बहीण सही करते, भाऊ साडी नेसवतो, माहेर टिकतं. करवीर, कागल, गडहिंग्लज, कुठंही जा, हेच. माझ्या मैत्रिणींमध्ये बहुतेकींनी अशी सही केलेली आहे, आणि भावाशी गोडी आहे म्हणून त्यांना त्याचं वाईटही वाटत नाही. पुढं सासरचं घर नवऱ्याच्या नावावर, शेत सासऱ्याच्या. बाई पंचावन्न वर्षांची होते तेव्हा तिच्या नावावर गॅसचं कनेक्शनसुद्धा नसतं. मग आपण म्हणायचं, बायका जोखीम घ्यायला घाबरतात. जोखमीवर लावायला तिच्याकडं स्वतःचं काही ठेवलंय का कुणी? भावाबहिणींत भांडणं लावायची नाहीत मला. एवढंच म्हणते की सही करण्याआधी मुलीला कागद नीट वाचून दाखवा, आणि निर्णय तिला स्वतः, रडारड ओसरल्यावर घेऊ द्या.

सरकारचंही बघा. राज्याची मुख्यमंत्री रोजगार निर्मिती योजना २०१९ साली आली, तिच्यात वयाची अट १८ ते ४५ ठेवली आणि बायकांना पाच वर्षांची सवलत दिली. म्हणजे पन्नास. मुलांची शिक्षणं आणि घरची आजारपणं उरकून बाई मोकळी होते तीच मुळी पन्नाशीत, आणि तिथंच तेव्हा दार बंद ठेवलं. केंद्राच्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाला वयाची वरची मर्यादा नाही. बाईला शहरात २५ टक्के आणि ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान मिळतं, स्वतःचे पाचच टक्के घालायचे असतात. उत्पादनाचा प्रकल्प दहा लाखांच्या आत असेल तर शिक्षणाचीही अट नाही. पण हे अनुदान नव्या उद्योगासाठीच आहे. आधी सुरू करून मग अर्ज केला तर बसत नाही. या गोष्टी बायकांना सुरू करण्याआधी कळल्या पाहिजेत. स्वयंसिद्धासारखी संस्था आपल्या गावात आहे, तिथून किती बायका उभ्या राहिल्यात ते कोल्हापूरला माहीत आहे. पण एका संस्थेच्या खांद्यावर सगळा जिल्हा किती टाकायचा?

जीएसटीचीही एक गोष्ट सांगते, कारण ती आमच्या भागापुरती फार खरी आहे. मालाची विक्री वर्षाला ४० लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रात नोंदणी लागत नाही. पण माल राज्याबाहेर विकला की लागते, मग तो दोन किलो का असेना. मला मुंबईला, नागपूरला चटणी पाठवता येते. पण तासाभराच्या अंतरावरच्या निपाणीच्या गिऱ्हाइकाला विकायची तर नोंदणी हवी, कारण निपाणी कर्नाटकात. तिकडं आपल्या लेकी दिलेल्या, तिकडून आपल्या सुना आलेल्या, मिरचीसुद्धा तिकडूनच येते. छोट्या धंद्याला यात काहीतरी सूट असायला हवी असं मला मनापासून वाटतं. सीमाभागातल्या कुठल्या लोकप्रतिनिधीने हा विषय हातात घेतला तर मी सगळे कागद घेऊन येते.

आता माझ्या बरोबरीच्या बायकांना. प्रदर्शनात तुमच्या शेजारच्या टेबलावर मी बसलेली असते. तुमचे पापड, सांडगे, शेवया, लोणची बघते, खाते, आणि भाव ऐकून मला राग येतो. तुमच्यावर नाही, तुम्हाला तेवढाच भाव सांगायची सवय ज्यांनी लावली त्यांच्यावर. 'घरच्याच माणसाचे कसले पैसे लावायचे' असं म्हणून तुम्ही स्वतःचा रोज सोडता. मग शेजारची बाई रोज लावते तेव्हा ती लुटारू ठरते, आणि जिला खरंच त्या पैशावर घर चालवायचंय तिचं गिऱ्हाईक तुटतं. तुमच्या घरात नवऱ्याची पेन्शन येत असेल, तिच्या घरात येत नाही. भाव ठरवताना तिचाही विचार करा. वहीत स्वतःचा रोज लिहा. नफा त्याच्यानंतर.

शरीराचं विचारतात पुष्कळ जणी. गुडघे दुखतात, खरं आहे. पाळी जायच्या काळात भट्टीसमोर उभं राहणं फार अवघड गेलं, अंगाची लाही व्हायची, तेव्हा भाजणीचं काम पहाटे करायला लागले. पोती मी उचलत नाही, त्याला माणूस आहे. आमचे हे लेबलं लावतात, स्कूटरवरून पोच करतात आणि त्यांचाही रोज वहीत लागतो. पण मिरची हातात घेतली की ओल किती आहे ते मला कळतं, व्यापाऱ्याचा 'शेवटचा भाव' खरंच शेवटचा आहे का ते कळतं, उधारी कुणाला द्यायची हे कळतं. तिशीत यातलं मला काहीच येत नव्हतं.

येत्या रविवारी दुपारी दोननंतर मी घरीच आहे. ज्यांना उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, करायची असेल त्यांनी आधार, पॅन आणि आधारला जोडलेला मोबाईल घेऊन या. ती सरकारी संकेतस्थळावर मोफत होते, कुणालाही तिचे पैसे देऊ नका. छोट्या धंद्याला लागणाऱ्या खाद्यपदार्थांच्या साध्या नोंदणीची फी वर्षाला १०० रुपये आहे, तो अर्जही बसून भरू. आपली वही आणा, नसेल तर येताना एक नवी घेऊन या. आणि चटणीची मागणी नोंदवायची असेल त्यांनी मेसेजमध्ये किलो आणि तिखट किती हवं ते लिहा. भाव कमी होणार नाही, ते वर सांगितलंच आहे.