मला कपाट करायचं नाहीये

पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये जाऊन 'सहा एमएमचा चांगला प्लाय दाखवा' म्हटलं की समोरून प्रश्न ठरलेला, "कपाट की किचन ट्रॉली?" दोन्ही नाही म्हटलं की शेठचा चेहरा पडतो. "स्क्रोल सॉवर, म्हणजे बारीक पात्याच्या करवतीच्या मशीनवर, नक्षी कापायचीय" म्हटलं की तो पोऱ्याकडे बघतो, पोऱ्या माझ्याकडे बघतो आणि टेम्पो लावून खोळंबलेला मिस्त्री घड्याळाकडे बघतो.

"मरीन घ्या साहेब. आयएस सातशे दहा नंबरचा. बहात्तर तास उकळत्या पाण्यात ठेवा, काही होणार नाही!"

मला गणपतीच्या मखराची जाळी कापायचीय. मखर उकळायचा कुळाचार आमच्याकडे नाही.

2018 साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि लाकडी मखराची हौस मला चिकटली. मशीन आलं, पाती आली. प्लाय मात्र अजून यायचाय. म्हणजे प्लाय ढिगाने मिळतो हो, पण तो बाहेरून बघण्यासाठी. प्लायचे थर विषम असतात, चार एमएमला तीन, सहाला बहुधा पाच, एकाच्या रेषा उभ्या तर पुढच्याच्या आडव्या. वरचा थर कसा लालसर, गुळगुळीत, हात फिरवत राहावासा. आत पॉप्लर नाहीतर निलगिरीचे तुकडे, एकमेकांशी भांडण असल्यासारखे लांब लांब बसलेले. मधे गॅप. कपाटवाल्याचं त्यात काहीच जात नाही. वरून सनमायका, कडेला पट्टी, झाकली मूठ सव्वा लाखाची. ती मूठ उघडतो मी. माझं पातं जेमतेम एक एमएम रुंद. कमळाची पाकळी छान वळत असते, एकदम करकर थांबून नुसतं 'फस्स' होतं आणि पाकळीचं टोक टपकन खाली. आत डोकावलं तर काळी पोकळी आणि तिच्या तोंडाशी काचेसारखा कडक झालेला डिंकाचा थेंब. पुढचं पातं बोथट करायला तो तिथे वाटच बघत असतो.

म्हणून मी आता दुकानात शीटच्या कडेला डोळा लावतो, बोटाने ठोकून कुठे पोकळ वाजतंय का ऐकतो. परवा शेठने विचारलं, "काका, डॉक्टर आहात का?"

खरा माल म्हणजे बर्च झाडाचा प्लाय. फिनलंड, लाटव्हिया, रशियाकडचा. आतबाहेर एकच लाकूड, गॅप औषधाला नाही. आपल्याकडे बर्च मागितला की पुढच्या गल्लीतलं रंगाचं दुकान दाखवतात. ऑनलाइन मिळतो, पण पाठवणावळ पाहून तो विमानात खिडकीशी बसून येत असावा असं वाटतं.

आमच्या वडिलांच्या वेळी ही कटकट नव्हती. वाण्याकडून चहाचं रिकामं खोकं आणायचं, खिळे उपटायचे आणि हाताच्या फ्रेटसॉने, म्हणजे बारीक पात्याच्या करवतीने, कापत बसायचं. देशातला प्लायचा धंदा सुरुवातीला वाढला तोच मुळी त्या खोक्यांवर. आता चहा कागदी गोणीत येतो. चहाचं काही बिघडलं नाही, माझं बिघडलं.

"मामा, एमडीएफवर लेझर मारून घे, अर्ध्या तासात मखर!" हा भाच्याचा सल्ला. एमडीएफ हा मुळातच भुसा. तो कापून नवीन काय निघणार?

शेवटी चांगला प्लाय मला सापडला तो आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये. कॅरम! जुना, जाड, कुठेही ठोका, आवाज एकसारखा. मी नुसता वाकून, कान लावून, चारी कोपरे वाजवून पाहिले. सेक्रेटरी दारात उभे होते हे नंतर कळलं.

तेव्हापासून क्लबहाऊसची किल्ली ते स्वतःकडे ठेवतात. मागितली की म्हणतात, "खेळायचंय ना? चला, मी पण येतो."