काकांच्या पाठीवरचा बटाटा

धुळवडीला पांढरा सदरा घालून बाहेर पडणारा माणूस एकतर भाबडा असतो, नाहीतर गावात नवा. फुगा निदान चुकवता तरी येतो. कापलेल्या बटाट्यावर अक्षरं कोरून, स्टॅम्पपॅडची शाई लावून पोरं मारतात तो ठसा मात्र पाठीवर बसतो, आणि ज्याची पाठ त्यालाच तो दिसत नाही.

या कारागिरीला मी कमी लेखणार नाही. बटाटा मुठीत मावेल एवढाच घ्यावा आणि एका फटक्यात कापावा. सुरी मध्येच अडखळली की कापाला पायरी पडते आणि अर्धा शब्द उठतच नाही. अक्षरं उलटी कोरायची असतात, इथेच निम्मी टोळी गारद होते. ‘गाढव’ लिहायचं तर सुरुवात ‘व’पासून, त्यात ‘ढ’ची ती गाठ! बेरकी पोरं कागदावर स्केचपेनने सुलट लिहितात आणि कागद ओल्या कापावर दाबतात. अक्षरं आपसूक उलटी उमटतात. मग कर्कटकाच्या टोकाने भोवतीचा गर तीन-चार मिलिमीटर खोल काढायचा. आळशांसाठी ‘४२०’ आहेच. ४ आणि ० आरशातही तसेच दिसतात, कष्ट काय ते २चे. १ जुलै २०२४पासून फसवणुकीचं कलम ३१८ झालं, हे खरं. पण पाठीवर ३१८ दिसलं तर लोक लॉजचा खोली नंबर समजतील.

घोळ होतो तो शाईपाशी. कोरलेल्या बटाट्याला पाणी सुटतं. ते फडक्याने टिपलं नाही तर अक्षरांऐवजी निळा डाग उठतो. सुती कापड शाई पितं, टेरिकॉटवर ती फिसकटते. जागा दोन खांद्यांच्या मधली, कारण तिथे काकांचा हात पोचत नाही. बटाटा तळहातात लपवून ‘हॅपी होळी, काका’ म्हणत गळ्यात पडायचं, दाबायचं आणि सरळ उचलायचं. जरा सरकला की गाढवाला शेपूट फुटतं.

एवढं जमूनही बिंग फुटतं ते टोळीतल्या शेंडेफळामुळे. त्याच्या तोंडात आधीच खारे दाणे कोंबून ठेवावेत.

बिंग फुटलं नाही, तर काका दुपारपर्यंत तसेच हिंडतात. वाणी बघतो, पेपरवाला बघतो, कुणी चकार शब्द काढत नाही. माझा राग यांच्यावर आहे, पोरांवर नाही. शेवटी काकू सांगतात, तेही सदरा भिजवताना. स्टॅम्पपॅडची शाई नुसत्या साबणाला दाद देत नाही. स्पिरिटचा बोळा फिरवावा लागतो. फिरवताना सदऱ्याच्या आत जुना टॉवेल घालावा, नाहीतर पाठीवरचं गाढव झिरपून पोटावर येतं.