तुळशीचं उरलेलं पाणी

बारशाला, वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट म्हणून बोटभर सक्युलंट (जाड पानांत पाणी साठवणारी झाडं) द्यायची टूम निघालीय ना, तिच्यावर आज बोलणार आहे. ज्यांनी मला दिलीत त्यांनी राग मानू नका.

चिनीमातीचा इवलासा कप, खाली भोक नाही, आत ठासून कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, वर रंगीत खडे आणि चिठ्ठी, 'रोज थोडं पाणी घाला.' अहो, हे झाड नाही, तेराव्याची तारीख ठरवून आलेला पाहुणा आहे!

या सक्युलंटांपैकी इचेव्हेरिया मूळची मेक्सिकोकडची, हॉवर्थिया दक्षिण आफ्रिकेची. पाणी उडू नये म्हणून ही मंडळी पानांची छिद्रं दिवसा मिटून घेतात आणि रात्री उघडतात. इतक्या काटकसरी जिवाला आपण रोज पाजत बसतो. आमच्या सासूबाई तर तुळशीला घालून उरलेलं पाणी यांच्या मुखी घालायच्या. "उपाशी कशाला ठेवतेस गं बिचाऱ्यांना?" सात गेली. बुंधा काळा, गिळगिळीत. हात लावला की पान गळून हातात. आणि आपल्याला वाटतं सुकलंय, म्हणून आणखी पाणी!

त्यात आपला साताऱ्याचा आषाढ. आठ-आठ दिवस अजिंक्यतारा दिसत नाही, तिथे कुंडी कधी वाळणार? मी जूनमध्येच सगळ्या कुंड्या पत्र्याखाली घेते, पण उजेडात. मातीत बोट खुपसायचं, आतपर्यंत कोरडं लागलं तरच पाणी. काळी माती नकोच, ती पाणी धरून बसते. मी निम्म्याहून जास्त जाड वाळू आणि विटांचा चुरा घालते. पिठ्या ढेकूण (कापसासारखी पांढरी कीड) दिसला तर स्पिरिटच्या बोळ्यानं टिपायचा. गळालेलं धडधाकट पान फेकू नका, त्यातून नवं रोप फुटतं. 3-4 दिवस सावलीत जखम वाळू द्या आणि मग मातीवर नुसतं ठेवा, पुरू नका.

इतक्या पावसात सक्युलंट जगतच नाही असं म्हणणाऱ्यांसाठी सज्जनगडाची शिंदळ माकुडी आहे. पावसाळ्यात पानं, उन्हाळ्यात नुसत्या गुबगुबीत काड्या; तांबूस-जांभळं चांदणीसारखं फूल, त्यावर पिवळी नक्षी. जगात फक्त आपल्या सह्याद्रीत. आपल्याच पावसात भिजते आणि तरी कुजत नाही, कारण कड्याच्या भेगेत पाणी थांबतच नाही. कपाला भोक हवं म्हणते ते यासाठी. (दुर्मीळ आहे, बघा आणि या. उपटून आणलीत तर मैत्री संपली.)

सासूबाईंना आता जास्वंद नेमून दिलीय. तरी परवा एका इचेव्हेरियाखालची बशी ओली दिसली. विचारलं तर म्हणाल्या, "पळीभरच गं. एकादशी होती."