शाळा छोटी असू दे, पण मुलाकडे बघणारं कुणीतरी हवं

अर्धे दिवस ऑनलाईन आणि अर्धे दिवस प्रत्यक्ष, ही कसली शाळा, असं मला लग्नात, गणेश चवथीला, आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या बाजारात भेटणारे सगळेच विचारतात, आणि विचारताना त्यांच्या डोळ्यांसमोर 2020 चा लॉकडाऊन असतो हे मला कळतं. तेव्हा जे झालं त्याला मीही शिक्षण म्हणणार नाही. सांगे, सत्तरी, काणकोणातली पोरं रेंज मिळावी म्हणून डोंगर चढून वर बसायची, जूनच्या पावसात डोक्यावर प्लास्टिक घेऊन, आणि पन्नास पोरांच्या मिटिंगमध्ये टीचर एकटीच बोलत राहायची, खाली कोण ऐकतंय कोण नाही काही पत्ता नाही. ते बघितल्यावर कुणी ठरवलं की ऑनलाईन म्हणजे वाईटच, तर त्याला दोष कसा देणार? पण तेव्हा आपण काय केलं, भरलेला वर्ग जसाच्या तसा उचलून मोबाईलमध्ये कोंबला. माझी मुलगी शिकते तिथे तसं नाही, आणि तो फरक दोन वाक्यांत सांगता येत नाही म्हणून आज सविस्तर लिहितेय.

शाळेचं नाव देत नाही कारण मला जाहिरात करायची नाहीये. बार्देशात आहे, एका जुन्या घरात भरते, सगळी मिळून पन्नास-साठ मुलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार शाळेत जायचं, मंगळवार-गुरुवार घरून. घरून म्हणजे सकाळपासून दुपारपर्यंत स्क्रीनसमोर असं अजिबात नाही. आठ-नऊ मुलांचा गट सकाळी आपल्या ठरलेल्या टीचरबरोबर पंधरा-वीस मिनिटं बसतो, त्यात अभ्यास नसतोच, काल काय झालं, झोप झाली का, आज काय करणार, एवढंच. टीचर सगळ्यात आधी विचारते "जेवलें गो?", म्हणजे सकाळचं काही खाल्लं का. मग अर्धा तास गणित किंवा सायन्स, आणि त्यानंतर मोबाईल बाजूला, वही-पेन घ्यायचं. अडलं तर एक वाजेपर्यंत टीचर फोनवर आहे. वहीचा फोटो पाठवला की त्यावर नुसता अंगठा येत नाही, कुठल्या स्टेपला चुकलं ते ती सांगते, कधी बोलून पाठवते, कोकणी-मराठी-इंग्लिश मिसळून, आमच्या घरात बोलतात तसंच.

आता मला जे खरं सांगायचंय ते. तिथे दहा वाजायच्या आत प्रत्येक गैरहजर मुलाच्या घरी फोन जातो. हा त्यांचा नियम आहे आणि तो मोडलेला मी बघितला नाही. मुलीच्या गटातला एक मुलगा मध्यंतरी घरच्या दिवसांना दिसेनासा झाला, शाळेच्या दिवशी मात्र यायचा. टीचरने फोन केला तर कळलं की वडलांची हॉटेलातली शिफ्ट बदलली आणि घरातला एकच स्मार्टफोन त्यांच्याबरोबर कामावर जायला लागला. मुलगा हे कुणाला सांगत नव्हता, कारण लाज. शाळेने जुना टॅब दिला, आणि तो मिळेपर्यंत आठवड्याचं काम कागदावर लिहून हातात दिलं, वर्गात एक शब्द न काढता. आता हाच मुलगा पंचेचाळीस जणांच्या वर्गात असता तर? मागच्या बाकावर गप्प बसला असता, युनिट टेस्टला मार्क पडल्यावर आईवडलांना बोलावलं असतं, आणि "घरी लक्ष देत नाहीत" असं ऐकवून परत पाठवलं असतं. मोठ्या शाळांतल्या टीचर वाईट असतात असं मी म्हणत नाही, पंचेचाळीस पोरांकडे असं बघणं एका माणसाला शक्यच नाही.

कॅमेऱ्याचंच घ्या. तिथे कॅमेरा चालू ठेवायची सक्ती नाही. सुरुवातीला मला हे पटलं नव्हतं, मूल तिकडे झोपलं तर काय कळणार. पण एका खोलीच्या घरात मागे आजी झोपलेली असते, भांडी पडलेली असतात, धाकटं रडत असतं, आणि तेरा-चौदा वर्षांच्या पोरीला ते वर्गमैत्रिणींना दाखवायचं नसतं. कॅमेरा बंद असलेल्या मुलाला टीचर नावाने हाक मारून विचारते, आणि उत्तर बोलून दिलं काय नि लिहून दिलं काय, दोन्हीला मान सारखाच. बोलताना अडखळणारा एक मुलगा आधी सगळी उत्तरं टाईप करायचा. प्रत्यक्षच्या दिवशी टीचर त्याला घेऊन बाल्कांवात, म्हणजे जुन्या घराच्या पुढच्या ओट्यावर, बसायची, तिथे तो एकटा तिच्याशी बोलायचा, मग दोघं-तिघं, आणि यंदा गॅदरिंगला त्याने नाटकात काम केलं, छोटंच, पण वाक्यं होती. ऑनलाईनने त्याला उत्तर द्यायला एक वाट दिली आणि प्रत्यक्षने आवाज. मला तरी दोन्ही सुटी करता येत नाहीत.

शाळेत जायचे दिवस मुद्दाम अशा कामांसाठी ठेवलेत जी घरून होतच नाहीत. प्रयोग, खेळ, बागेतलं काम, एकत्र जेवण, आणि भांडणंसुद्धा. मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी कुणाला काही बोललं की त्यावर ग्रुपवर चर्चा करायची नाही, शाळेच्या पुढच्या दिवशी समोरासमोर बसून बोलायचं. "मुलांना मित्र कसे मिळणार" असं विचारणाऱ्यांनी एकदा बुधवारी दुपारी तिथे येऊन बघावं, घरी जायला कुणी तयार नसतं.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं, कारण गोव्यात जून-जुलैमध्ये वायरवर झाड पडलं की लाईट कधी येईल ते देवाला माहीत. शाळेने ते आधीच धरलेलं आहे. धड्याचं रेकॉर्डिंग व्हिडिओत नाही, फक्त आवाजात, छोटी फाईल, कमी रेंजमध्येही उतरते. शुक्रवारी पुढच्या आठवड्याचा कागद हातात मिळतो, त्यामुळे नेट नसलं तरी काम थांबत नाही. आणि लाईट गेली म्हणून कुणाची गैरहजेरी लागत नाही.

मोठी काही मुलं दहावी एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या बोर्डातून देतात. नातेवाईकांना हे बोर्ड म्हणजे नापासांसाठी काहीतरी वाटतं, म्हणून सांगते, ही केंद्र सरकारची संस्था आहे, 1989 पासूनची, तेव्हा नाव नॅशनल ओपन स्कूल होतं. दहावीसाठी वयाची चौदा वर्षं पूर्ण हवीत, वर्षातून दोनदा परीक्षा होते, आणि सगळे विषय एका दमात द्यायची सक्ती नाही, नोंदणी पाच वर्षं चालते. ज्या मुलाला अक्षरं वाचायलाच त्रास होतो त्याच्यासाठी ही सवड म्हणजे श्वास आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अशा अध्ययन अक्षमतेचा समावेश झालाय, लेखनिक मिळतो, जादा वेळ मिळतो, पण त्यासाठी दाखले, फॉर्म, तारखा, आणि त्यातच आईबाप खचतात. आमच्याकडे एक टीचर फक्त हे बघते. मुलाच्या पुस्तकांइतकीच मदत आईबापाला या कागदांत लागते, हे ओळखणारी शाळा मला आधी भेटली नव्हती.

त्रुटी आहेत, त्याही लिहिते. फी आहे, आणि ती आमच्यासारख्यांना जड जाते. घरच्या दिवशी घरात कुणीतरी मोठं माणूस लागतं, दोघं नोकरीला जाणाऱ्यांनी काय करायचं? खाणी 2012 ला बंद झाल्या, परत सुरू होऊन 2018 ला पुन्हा बंद झाल्या, तेव्हापासून आमच्या डिचोली-सांग्याकडे किती घरांत दोघांनीही मिळेल ते काम धरलंय. आणि लहान मुलांना हे नकोच. चौथीपर्यंत रोज शाळेत जायचं, मातीत खेळायचं, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणूनच मला वाटतं की हे फी भरू शकणाऱ्यांपुरतं राहू नये. गावातल्या सरकारी प्राथमिक शाळांचा पट कमी झाला की विलीनीकरणाची चर्चा सुरू होते, कितीतरी शाळा एका टीचरवर चालतात. शाळा बंद करून सहा-सात वर्षांचं पोर दुसऱ्या गावी पाठवण्यापेक्षा जवळजवळच्या चार-पाच शाळा एकमेकींना जोडा की. 2020 च्या शैक्षणिक धोरणात शाळा संकुलांवर एक अख्खं प्रकरण आहे, डिजिटल शिक्षणावर दुसरं आहे, मिश्र पद्धतीबद्दल त्यात लिहिलंय. आठवड्यात एखाददुसरा तास संगीताची टीचर एका ठिकाणाहून सगळ्या शाळांना ऑनलाईन शिकवेल, मुलं आपल्याच वर्गात, आपल्याच बाईंसोबत, एका मोठ्या पडद्यासमोर बसतील, घरी मोबाईल घेऊन नव्हे. विशेष शिक्षक आज एकेका शाळेत कधीतरी पोचतो, तो बाईंशी दर आठवड्याला बोलू शकेल. आणि एक दिवस सगळी मुलं एका शाळेत जमतील, खेळतील. अनुदानित शाळांना सरकारनेच दिलेले बालरथ, म्हणजे मुलांना ने-आण करणाऱ्या बसेस, सकाळी मुलं सोडून दुपारपर्यंत आवारात उभे असतात, ते वापरता येतील.

फक्त टॅब वाटून हे होणार नाही. एका टीचरकडे मोजकी मुलं, दहाच्या आत घरी फोन, तिच्या रिचार्जचे पैसे शाळेकडून, आणि तिला मतदार याद्या नि सर्व्हेच्या कामाला जुंपायचं नाही, एवढं आधी ठरलं पाहिजे. डिचोली-सत्तरीतल्या कुठल्या पालक-शिक्षक संघाला यावर बोलायचं असेल तर मी यायला तयार आहे, एक-दोन टीचरनाही घेऊन येईन. मंगळवार आणि गुरुवार सोडून कधीही सांगा, त्या दिवशी मुलगी घरी असते.