"फ्लॅटात मांजर म्हणजे शेजाऱ्यांना शिक्षा" म्हणे! जरा थांबा की

गेल्या दोन महिन्यांत एकच मेसेज मला चार ग्रुपवर आलाय, बिल्डिंगचा ग्रुप, शाळेच्या मैत्रिणी, भाऊबंद आणि चक्क भिशीचा पण. वर लाल अक्षरात "फ्लॅटमध्ये मांजर पाळणाऱ्यांनो सावधान", खाली "जनहितार्थ". मजकूर थोडक्यात असा: मांजर निशाचर आहे, रात्री धावणारच, त्याला इलाज नाही. त्याला घरात कोंडणं पाप, बाहेर सोडावं. त्याच्या केसांनी दमा होतो आणि घरात गरोदर बाई असली तर पोटातल्या बाळाला धोका. वासाने अख्खा मजला राहायच्या लायकीचा राहत नाही. आणि शेवटी, सोसायटीने बहुमताने ठराव केला की मांजर काढायलाच लागतं.

मी बेळगावात, टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटच्या बाजूला तिसऱ्या मजल्यावर राहते, मी, आई आणि दोन मांजरं. भाटी आहे तिचा रंग अगदी आपल्या बेळगावी कुंद्यासारखा, त्या खव्याच्या मिठाईसारखा, म्हणून ती कुंदा, आणि तिच्या जोडीला बोका आला, पांढरट पातळ, म्हणून तो मांडा. दोघं पण एक नंबर उनाड. त्यामुळे या विषयावर मला बोलायचा हक्क आहे असं मी धरून चालते.

आधी एक कबूल करते. आवाजाची तक्रार खरी असते. "मांजराचा काय आवाज, एवढंसं तर आहे" असं मी पण म्हणायचे. मग खालच्या अक्का एक दिवस जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "निम्म बेक्क राति भाळ सद्द माडतैति नोड्री", तुमचं मांजर रात्री फार आवाज करतं बघा. रागाने नाही, पण डोळे सुजलेले होते हो त्यांचे. मला आधी राग आला, मग लाज वाटली, मग मीच म्हटलं की मी रात्री तुमच्याकडे येऊन बसते, मला ऐकायचंय. आई वर झोपलेली, मी खाली अक्कांच्या हॉलमध्ये चहा घेऊन साडेअकरापासून दीडपर्यंत बसले. ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी हे एकदा कराच.

कारण वरून जे वाटतं आणि खाली जे ऐकू येतं ते एकदम वेगळं. मला वाटायचं धावण्याचा आवाज जात असेल. तो जवळपास काहीच नव्हता, मांजराचे पंजे मऊच असतात. खाली येत होते तीन आवाज. एक, कपाटावरून थेट फरशीवर उडी, ती धप्प अशी यायची की अक्का दचकायच्या. दोन, कुठून तरी मिळालेली गोटी, ती फरशीवर टकटकटक करत घरंगळत जायची आणि हा आवाज तर मला वर कधी ऐकूच आला नव्हता कारण मी दार लावून झोपते. तीन, लिटरचा ट्रे, म्हणजे मांजराच्या शी-शूसाठी भुसा किंवा वाळू घातलेला ट्रे. कुंदा खणते तेव्हा प्लास्टिकचा ट्रे भिंतीला घासतो, खाली वाटतं कोणी फर्निचर सरकवायलंय.

आपल्याकडच्या बिल्डिंगा म्हणजे काँक्रीटचा स्लॅब, त्यावर थेट टाइल्स, ना गालिचा ना काही. बोलण्याचा किंवा म्याव म्याव करण्याचा आवाज हवेतून जातो, तो भिंत, दार बऱ्यापैकी अडवतात. पण फरशीवर काही आपटलं की ठोका थेट स्लॅबमध्ये शिरतो आणि खालचं छतच वाजतं. म्हणून उपाय पण फरशीवरच करायचा, जिथे आपटतं तिथे मऊ काहीतरी घालायचं. माझ्या आजीचं खानापूरकडचं घर शेणाने सारवलेलं, खाली कोणी राहतच नाही, तिथे चार मांजरं रात्रभर हुंदडली तरी कोणाला पत्ता नसायचा. प्राणी तोच, जमीन बदलली.

तर मी काय केलं. कपाटाच्या खाली घोंगडी चौपदरी घातली, आणि तिच्याखाली गोठ्यात गाईंसाठी वापरतात ती जाड रबरी मॅट, डेअरीच्या सामानाच्या दुकानात मिळते, तुकडा कापून मागितला तर दुकानदार आधी विचित्र बघतो पण देतो. कपाटाच्या शेजारी एक स्टूल ठेवलं म्हणजे मांडा एका झेपेत खाली न येता दोन टप्प्यांत उतरतो, उडीची उंची अर्धी. गोट्या आणि घुंगरू लावलेले सगळे चेंडू रात्री नऊला डब्यात बंद, बदल्यात जुन्या मोज्यांचे गुंडाळे. ट्रे भिंतीपासून वीतभर पुढे आणि खाली पायपुसणं. एवढंच. पहिल्या रात्रीच अक्का म्हणाल्या की धप्प आवाज गेला.

आता ते "निशाचर". घुबड निशाचर, वटवाघूळ निशाचर. मांजर दिवेलागणीला आणि झुंजुमुंजू होताना जास्त जागं असतं, कारण उंदीर आणि पाखरं त्याच वेळेला हलतात. बाकी दिवसाचे बारा ते सोळा तास ते झोपतं. मग रात्री अकराला धिंगाणा का? कारण मी सकाळी नऊला जाते, ते दिवसभर ढाराढूर, मी सातला येते आणि सोफ्यावर मोबाईल घेऊन पडते, त्याच्याशी कोणी खेळतच नाही, अकराला लाईट बंद होते तेव्हा बिचाऱ्याचा दिवस सुरू होतो. हा मांजराचा स्वभाव नाही, ही माझी टाइमटेबल होती. मांजराची साखळी अशी असते: शिकार, पकडणं, खाणं, अंग चाटणं, झोपणं. तीच साखळी मी रात्री दहाला घडवते. काठीला पिसं बांधून दहा पंधरा मिनिटं धाप लागेस्तोवर पळवायचं, शेवटी पकडू द्यायचं (लेझर लाइटचा तोटा हा, हातात काहीच लागत नाही मग ते चिडचिडं होतं, वापरलीत तर शेवटी खाऊ तरी द्या), आणि मग रात्रीचं मुख्य जेवण. जेवून, अंग चाटून दोघं आडवी.

पहाटे चारच्या ओरडण्याचं वेगळं आहे. ते मीच शिकवलेलं. एकदा कुंदा ओरडली, उठून बिस्किटं दिली, दुसऱ्या दिवशी परत, तिसऱ्या दिवशी तिला कळलं की चारला ओरडलं की ही बाई उठते. हे मोडायचं तर उठायचंच नाही, पण सांगते, पहिले चार पाच दिवस ओरडणं वाढतं, कमी होत नाही, आणि नेमकं तिथेच सगळे हार मानतात, सहाव्या दिवशी उठतात आणि मांजर शिकतं की जास्त वेळ ओरडावं लागतं. मी अक्कांना आधीच जाऊन सांगितलं की आठवडाभर त्रास होईल, सोसा. मिठाईच्या कुंद्याचा डबा पण नेला हे लपवत नाही. आठवडा लागला नाही, तेवढ्यात बंद. आता टायमरचा डबा आहे, पहाटे पाचला आपोआप थोडं पडतं, ती माझ्याकडे न येता डब्याकडे जाते.

दुसरा मुद्दा, बाहेर सोडा. माझा मावसभाऊ पण हेच म्हणाला, "खानापूरला नेऊन सोड की, शेतात उंदरं खाऊन जगतात." जगतात कुठे हो, पाळलेलं मांजर अनोळखी शेतात सोडलं तर कुत्री, साप आणि तिथली आधीची बोकं, आठवडाभरात खेळ खलास. शिवाय पाळलेलं जनावर असं टाकून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 खाली गुन्हा आहे, दंड किती तर पहिल्या वेळेला 10 ते 50 रुपये, हसू येतं पण गुन्हा तो गुन्हा. आणि शेजाऱ्यांच्या बाजूने विचार केला तर बाहेर सोडलेलं मांजरच जास्त त्रास देतं. आपल्यात म्हण आहेच, मांजर पिल्लांना सात घरं हिंडवतं, तशी ती मोकळी मांजरं दुसऱ्याच्या गाडीच्या सीटवर नखं मारतात, कुंडीत घाण करतात, उघड्या खिडकीतून स्वयंपाकघरात. घरातलं मांजर खालच्यांना त्रास देईल फार तर, अख्ख्या गल्लीला नाही.

घरात ठेवायचं तर घर त्याच्या लायकीचं करायला पाहिजे एवढं मात्र खरं. भिंतीला वरपर्यंत दोन तीन फळ्या, खिडकीत बसायला जागा, नखं घासायला खांब, त्याला घायपाताची दोरी गुंडाळा, खांब त्याच्या ताणलेल्या अंगापेक्षा उंच असावा नाहीतर ते परत सोफ्यावरच येतं. आणि गॅलरीला जाळी. मच्छरदाणीची नाही, ती एका नखात जाते, कबुतरांसाठी लावतात ती जाड. "मांजर पडलं तरी पायावर पडतं" यावर राहू नका. 1987 मध्ये न्यूयॉर्कच्या दोन पशुवैद्यांनी उंचावरून पडलेल्या 132 मांजरांवर लिहिलं होतं, साधारण 90 टक्के वाचली म्हणून लोक खूष होतात, पण ती उपचारांना आणलेली मांजरं होती, छाती आणि जबडा फुटलेली कितीतरी.

मेसेजमध्ये एक गोष्ट अजिबात नाही ती म्हणजे नसबंदीचं ऑपरेशन, आणि आवाजाच्या बाबतीत तीच सगळ्यात मोठी. भाटी माजावर आली की रात्रभर असा सूर लावते की तान्हं मूल रडतंय वाटतं, बोका मिळाला नाही तर दोन तीन आठवड्यांनी परत तेच, आणि पाळलेला बोका असेल तर तो भिंतींवर लघवीचे फवारे मारतो, तो वास फिनाइलने जात नाही. चार ते सहा महिन्यांच्या वयात नसबंदी करून घ्या, हे दोन्ही बहुतेक सुरूच होत नाही. आमच्या कुंदाचं उशिरा केलं, एक माज आम्ही सगळ्या बिल्डिंगने भोगलाय.

दमा आणि गरोदरपण पटकन सांगते. ॲलर्जी केसांची नसते, मांजराच्या लाळेत आणि कातडीत एक प्रोटीन असतं त्याची असते, ते केसाला चिकटून पसरतं. ज्यांना आहे त्यांना खरंच त्रास होतो, थट्टा करू नका, पण तो मुख्यतः मांजर पाळणाऱ्याच्या घरात, दोन मजले खाली सहसा नाही. गरोदरपणाचं म्हणजे टोक्सोप्लाझ्मा. हा जंतू मांजराला पहिल्यांदा लागण झाली की एक ते तीन आठवडे विष्ठेतून पडतो आणि पडल्यावर लागण करण्याजोगा व्हायला त्याला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून ट्रे रोज साफ करायचा, गरोदर बाईने तो दुसऱ्या कोणाकडून करून घ्यायचा, मांजराला कच्चं मटण द्यायचं नाही. आणि हो, माणसाला हा अर्धकच्च्या मटणातून आणि न धुतलेल्या भाजीतून पण लागतो, त्याचा मेसेज कोणी फॉरवर्ड करत नाही.

वासाचं म्हणाल तर मांजराचा वास नसतो, आळशी माणसाचा असतो. दिवसातून दोनदा ट्रे उचला, मांजरांपेक्षा एक ट्रे जास्त ठेवा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट की लिटर सुकतच नाही, तेव्हा मी निम्मंच घालते आणि लवकर बदलते. सॉ मिलचा भुसा पण चालतो, स्वस्त. फक्त ते संडासात टाकून फ्लश करू नका, पाइप तुंबला तर तेव्हा मात्र अख्खी सोसायटी खरंच तुमच्या दारात.

राहिला ठराव. आमच्या मीटिंगमध्ये एका काकांनी हा मेसेजच वाचून दाखवला. हे तेच काका ज्यांना विसर्जनाचा डीजे दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत चालतो, मांजराची उडी नाही चालत. बरं, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची 2015 ची मार्गदर्शक पत्रकं आहेत, ती मुख्यतः कुत्र्यांबद्दल आहेत, पण सांगतात काय तर रहिवासी संघटनेला बहुमताने सुद्धा पाळीव प्राण्यावर बंदी घालता येत नाही. केरळ हायकोर्टाने 2021 मध्ये तर अपार्टमेंटच्या नियमातली अशी बंदीच बेकायदा ठरवली. त्याच कोर्टात 2020 च्या लॉकडाऊनमध्ये एक गृहस्थ मांजरांची बिस्किटं आणायला पास द्या म्हणून गेले होते आणि कोर्टाने परवानगी दिली! केरळचा निकाल कर्नाटकात जसाच्या तसा बंधनकारक नाही हे मला माहितीय, पण उद्या वाद गेलाच तर आपल्या कोर्टापुढे ठेवता येतो. तरी पण मी मीटिंगमध्ये कायदा शेवटी काढला. आधी अक्का उठल्या आणि आपल्या कन्नड मराठी मिक्समध्ये म्हणाल्या की आवाज मला येत होता, तक्रार माझी होती, आता येत नाही, मग तुम्हाला काय प्रॉब्लेम आहे? काका बसले.

एक आवाज मात्र अजून सुटलेला नाही. सकाळी साडेपाचला दुधाच्या पिशव्यांची सायकल गेटात आली की मांडा गॅलरीच्या सरकत्या दारावर पंजे मारतो, ते दार चौकटीत खडखडतं. मी फटीत रबराची पट्टी चिकटवली. दोन दिवस शांत. तिसऱ्या दिवसापासून तो दुसऱ्या झडपेवर मारतोय.