पोरीचं वेळापत्रक आणि आत्याबाईंची कूस

आज एका वास्तुशांतीला गेले होते. शेजारच्या काकूंना घरी बसवून, फक्त तासाभरासाठी. पंगतीत बसले आणि नात्यातल्या एका बाईंनी चारचौघींत सुरू केलं, "लातुरात राहून लेकरू घरी? लोकाची लेकरं खोल्या करून इथं शिकायला येतात, अन् तुम्ही पोरीला म्हातारीच्या उशाला बसवलंय." घास घशात अडकला. तिथं गप्प बसले, पण इथं बोलणार आहे.

आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, लकवा मारून दीड वर्ष झालं. उजवी बाजू गेली. यांची एमआयडीसीतली शिफ्ट दर आठवड्याला बदलते. पोरगी ११ वर्षांची. शाळेत अडचण सांगायला गेले तर हजेरीचं रजिस्टर पुढं सरकवलं. म्हणून घरी शिकवायला घेतलं, हौस म्हणून नाही.

आणि पहिल्या महिन्यात मी घरात शाळेपेक्षा कडक शाळा केली. भिंतीवर कागद चिकटवला. ७ ते ८ गणित, ८ ते ९ मराठी. मे महिन्यातल्या एका रात्री लाईट गेली. एअर बेडचा पंप बंद, गादी बसली. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतात, त्यात उकाडा. मी जागीच होते. पोरगीही उठली आणि पहाटे ४ पर्यंत आजीला वारा घालत बसली. तरी सकाळी ७ ला मी तिला दंडाला धरून उठवलं. भागाकार सगळे चुकले. मी ओरडले. ती कागदाकडं बघत म्हणाली, "मम्मी, रात्रीचं यात कुठं लिहायचं?"

कागद त्याच दिवशी काढला.

आता आधी आत्याबाईंचा दिवस मांडते, मग पोरीचा. सकाळी पेज, गोळ्या झाल्या की ९ ते ११ त्यांना झोप लागते. ते दोन तास गणिताचे, त्यात मी फोनसुद्धा घेत नाही. एक दिवसाआड व्यायाम करून घेणारा मुलगा येतो, त्या दिवशी फक्त मोठ्यानं वाचन, तेही पलंगाशेजारी. आत्याबाईंना बोलता येत नाही, पण ती चुकीचं वाचते तेव्हा डावा हात हलवतात. नळाला पाणी येतं त्या दिवशी पुस्तक बंद. रात्र वाईट गेली की दुसरा दिवस सुट्टीचा, आणि बुडालेलं रविवारी भरून काढायचं नाही. आठवड्यात गणिताच्या ४ बैठका झाल्या की माझं समाधान. राहिलेला धडा दिवाळीनंतर. कुठं पळून जातोय तो?

आणि "उशाला बसवलंय" हे मला फार लागलंय. पोरगी आजीचं धुणंपुसणं करत नाही, कूस बदलत नाही. त्या मेच्या रात्रीनंतर ती ९ ला दुसऱ्या खोलीत झोपते, लाईट असो नसो. माझ्या लेकीचं बालपण मी कुणाच्या सेवेत घालत नाहीये!

वर्गातल्या मैत्रिणी तुटल्या, हे खरंय. गल्लीतल्या खेळानं ते भरून निघत नाही. परीक्षेचं म्हणाल तर राज्याच्या मुक्त विद्यालयातून १० वर्षं पूर्ण झाल्यावर पाचवीची, १३ झाल्यावर आठवीची देता येते. दहावीला शाळेत न जाता बाहेरून बसायचा १७ नंबरचा फॉर्म आहेच. वाटोळं होत नाही हो.

लिहिता लिहिता राग उतरला. त्या बाईंनाही पोरीची काळजीच असेल. तिचं वाईट व्हावं असं कुणाला वाटणार?

"रात्रीचं कुठं लिहायचं" हे मात्र अजून कानात आहे.

मावशी, तुम्ही हे वाचाल. गुरुवारी ९ ला या. दोन तास आत्याबाईंजवळ बसा. मला पोरीला अपूर्णांक शिकवायचेत, आणि मध्ये उठावं लागलं नाही तर एका बैठकीत होतील.